बर्फ मोजणारी मेंजिया

डोंगरातल्या प्रादेल गावात मेंजिया ट्यूओरला सगळे बर्फवाली म्हणत. हिवाळाभर रोज सकाळी ती घरामागच्या खांबावर बर्फाची उंची बघायची, पंधरवड्यातून एकदा उभा खड्डा खणून आतले थर चाचपायची आणि आकडे हवामान कचेरीला कळवायची. असे एकोणतीस हिवाळे झाले. नवरा गेला त्या आठवड्यातही तिने खाडा केला नव्हता, त्यावरून सासरच्यांनी तिला बोलही लावला होता.

तिचा दीर लुरेन गाई पाळायचा. माणूस कामाचा, पण हट्टी. त्या फेब्रुवारीत तीन दिवस बर्फ पडलं, वर वारं घोंघावलं आणि चौथ्या दिवशी लख्ख ऊन पडलं. बर्फाच्या भाराने वरच्या कुरणातल्या गोठ्याचं छप्पर बसेल, अशी लुरेनला काळजी लागली.

"दोन दिवस थांब," मेंजिया म्हणाली.

"मी थांबेन. छप्पर थांबेल का?"

"मग मीही येते. आणि यंत्र बांधल्याशिवाय निघायचं नाही."

बर्फाखाली गाडलेल्या माणसाचा ठावठिकाणा सांगणारं ते यंत्र तिने त्याच्या छातीवर बांधलं आणि चालतंय का ते दोनदा तपासलं.

"वहिनी, लष्करातसुद्धा माझी एवढी झडती झाली नव्हती."

रानातून स्कीवर चढताना काही झालं नाही. झाडं संपली आणि पायाखाली धप्प असा आवाज झाला. बर्फ बोटभर खचलं, समोर एक बारीक चीर पळत गेली. मेंजिया जागीच थांबली.

"ऐकलंस? खालचा थर कच्चा आहे. वाऱ्याने आणलेल्या बर्फाची घट्ट लादी त्याच्यावर नुसती टेकलीय. घळीतून जायचं नाही, डोंगराच्या धारेवरून जाऊ."

"तासाभराचा वळसा आहे."

"असू दे."

लुरेन वाटभर कुरकुरला, पण आला. दोघांनी छपरावरचं बर्फ ओढून काढलं, वाळवलेलं मांस आणि राईचा पाव खाल्ला आणि दुपारी परतीला लागले. घळीच्या काठाशी मात्र लुरेन थबकला. खाली त्याचं घर दिसत होतं.

"पलीकडे जायला तीस पावलं, वहिनी."

"नको, लुरेन."

"एकेकानेच जायचं असतं ना? बघ, शिकलोय तुझ्याकडून." आणि तो गेलासुद्धा.

तो मध्यावर पोचला आणि वरच्या उतारावरचं अख्खं बर्फ फुटून खाली घसरलं. लुरेन त्याच्याबरोबर वाहून जाऊ लागला. लुरेनच्या लाल टोपीवर तिने नजर रोखून धरली. एका वाकड्या देवदाराशी टोपी दिसेनाशी झाली, ती जागा तिने मनात पक्की केली. सगळं थांबल्यावर वर आणखी काही लटकतंय का ते पाहिलं, फोनला रेंज नव्हती, यंत्राला अडथळा नको म्हणून तो बंद केला, आपलं यंत्र शोधायला लावलं आणि ती खाली उतरली.

पडद्यावरचे अंतराचे आकडे उतरत गेले. चाळीस. बावीस. नऊ. दोन. तिने पाठपिशवीतली लांब सळई काढून बर्फात खुपसली. एकदा, दोनदा; पाचव्यांदा ती काहीतरी मऊ लागून थांबली. सळई तशीच ठेवून मेंजिया उताराच्या खालच्या अंगाने खणू लागली. बर्फ सिमेंटसारखं झालं होतं. हात भरून आले, तरी फावडं थांबलं नाही. आधी खांदा लागला, मग टोपी. चेहरा निळसर पडला होता. तिने तोंडातलं बर्फ बोटाने काढलं, छातीवरचं बाजूला सारलं.

लुरेन खोकला. मग रडक्या पोरासारखा श्वास ओढत राहिला.

श्वास जरा लागी लागल्यावर म्हणाला, "काही बोलू नकोस."

"मी कुठे बोललेय?"

तिने घड्याळ पाहिलं. उतार फुटल्याला अकरा मिनिटं झाली होती. मग तिने पुन्हा फावडं उचललं. बर्फातून उरलेला लुरेन मोकळा करायला अर्धा तास लागला. धारेवर फोन लागला, हेलिकॉप्टर आलं. लुरेनचं गळ्याखालचं हाड मोडलं होतं, बाकी काही नाही.

संध्याकाळी त्याची बायको नेसा इस्पितळातून थेट मेंजियाकडे आली. न विचारता चुलीपाशी बसली आणि जवाच्या सूपच्या दोन वाट्या संपवल्या.

"डॉक्टरला सांगत होता," ती शेवटी म्हणाली, "की वहिनीला खणायला फार वेळ लागला."

मेंजियाने तिच्याकडे पाहिलं. नेसाला हसू फुटलं आणि दोघी हसायला लागल्या. हसता हसता नेसा रडली, आणि मेंजियाने तिला तिसरी वाटी वाढली.