कवितेतला दगड

डोंगरातल्या त्या कवीचं शेत वारसा म्हणून जाहीर झालं, तेव्हा कवीचा विळा, कवीची खाट आणि कवीचा फुटका चष्मा यांच्याबरोबर कवीचा घरजावईही समितीच्या ताब्यात आला.

जावईबापूंनी सासऱ्याची एकही कविता पुरती वाचलेली नव्हती. तरी पाहुण्यांना शेत दाखवायचं काम त्यांच्याकडे आलं, कारण घरात रिकामे तेवढेच होते. शेत बायको बघायची. बापू खाट दाखवत म्हणायचे, "यावर ते आडवे व्हायचे," आणि जरा विचार करून, "म्हणजे झोपायचे." जिथे सावली असेल तिथे कवींना स्फूर्ती झालेली असे.

सगळ्यात गाजलेली कविता दगडावरची. 'दारी येऊन बसलास दगडा, ऊन गेलं, पाऊस गेला, हलला नाहीस.' विद्वानांना त्यात डोंगराचा धीर दिसला. समितीने ओढ्यातला एक गुबगुबीत दगड आणून दारात बसवला. बापू त्याला टेकून फोटो काढून घेत.

मग नवे सचिव आले. त्यांनी या कवितेवर प्रबंध लिहिला होता. त्यांना शिकलेला माहितगार हवा होता आणि त्याच्यासाठी बापूंची खोली. महिनाअखेर घर सोडा, असं त्यांनी सांगितलं. काळजीने बापूंचं जेवण दुप्पट झालं.

शेवटी कवीची लेकच दारात उभ्या असलेल्या सचिवांसमोर गेली. "साहेब, हा दगड ओढ्यातला आहे. कवितेतला आत जेवतोय. लग्नाला वर्ष झालं तरी हे कामाला हात लावेनात, म्हणून बाबांनी चिडून लिहिलंय ते."

सचिवांचा प्रबंध चेहऱ्यावरून उतरताना दिसला. शेजारच्या म्हाताऱ्यांना विचारलं, तर त्या पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. सगळ्या गावाला ठाऊक होतं.

दुसरा कुणी लाजेने मेला असता. बापू हात न धुताच बाहेर आले.

"म्हणजे त्यात मी आहे? आणि इतकी वर्षं तू बोलली नाहीस?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"वाईट कसलं? तुझ्यावर लिहिलीय का त्यांनी एक तरी ओळ?"

ती गोठ्यात गेली.

वारशाची वस्तू जागची हलवता येत नाही, असा समितीचाच नियम. खोली वाचली. ओढ्यातला दगड ओढ्यात गेला आणि त्याच्या जागी खुर्ची टाकून बापू बसू लागले. महिन्याभरात त्यांनी समितीकडे कवळीसाठी अर्ज केला. सचिवांनी उत्तर पाठवलं, की वस्तूचं मूळ स्वरूप बदलता येणार नाही.

बापू हल्ली मऊ भात खातात. पाहुण्यांसमोर, अभिमानाने.