नारायणगावची वेळ

धरमचंद सेठ एका जागी शांत बसल्याचं मी तरी कधी पाह्यलं न्हाई. नारायणगावच्या बाजारात त्यांचं खता-बियाण्याचं दुकान. गिऱ्हाईक आलं की उठणार, गेलं की उठणार, कुणीच न्हाई आलं तर पायरीवर येऊन रस्त्याकडं बघत उभं ऱ्हाणार. मी त्यांच्या पिकअपवर ड्रायव्हर, बोरी बुद्रुकचा गोरक्ष. आमी धनगर. मेंढरं आज्याच्या काळातच इकली, तरी ह्यांच्या पायाला भिंगरी म्हणून लोक अजून आमालाच हसतात. त्यांनी एकदा सेठला बघावं.

माणूस दिलानं चांगला. कुणाच्या टोमॅटोवर रोग पडला तर सोता शेतात जाऊन पानं उलटून बघणार. फकस्त एका गोष्टीवर डोकं फिरलेलं, ती म्हंजे त्यांचा एकुलता एक पोरगा अरिहंत. अवसरीला इंजिनिअरिंगला घातला व्हता. ते अर्ध्यात सोडून पोरगं स्वयंपाक शिकलं आन् मॉरिशसला एका मोठ्या हाटेलात आचारी झालं. तिथं मटण-मच्छी शिजणार, हे उघडच. जैनाच्या घरातलं पोर. सेठ म्हणले, ह्या जन्मात तुझ्या हातचं खायाचं न्हाई. तवापास्नं बाप-लेकाचं बोलणं बंद.

आन् खताच्या कंपनीनं गेल्या डिसेंबरात दुकानदारांना जोडीनं टूर दिली, ती नेमकी मॉरिशसची. सेठच्या बायकोचे, प्यारीभाभींचे, गुडघे चालत न्हाईत. त्या म्हणल्या, माझ्या जागी गोरक्षला न्या. मग मला सैपाकघराच्या दारात बोलावून अरिहंतचा नंबर दिला. "नुसती भेट घालू नको," म्हणल्या, "त्याच्या हातचं ह्यांना जेवू घाल." सोपं काम मला कोण सांगतंय! पुण्याला खेटे घालून परदेशात गाडी चालवायचा परवाना काढला आन् निघालो.

तिथं गेल्यावर बाकीचे समदे बोटीत बसून गेले. सेठनी गाडी भाड्यानं घ्यायला लावली, म्हणले आलोय तर बेट बघून घेऊ. गाडी डाव्या अंगानं चालते, आपल्यासारखी, तेवढं बरं. पण बघणं कसलं राव. इकडं वळव म्हणले की वळवायची, लगेच म्हणणार आता तिकडं. समुद्र आला, तर पाणीच तर हाय, चल. धबधबा आला, तर गाडीतनं उतरायच्या आधीच, बघितला, चल. दोन्ही अंगानं ऊस आन् मधीमधी काळ्या दगडांचे ढीग. मी म्हणलं, सेठ, ह्ये तर जुन्नरच झालं की. हसले सुदीक न्हाईत.

फिरून फिरून गाडी मात्र एकाच रस्त्याला आणायची, अरिहंतच्या हाटेलापुढं. पत्ता मी सांगितला नव्हता, त्यांना बरोबर ठावं व्हता. फाटक जवळ आलं की काच खाली, फाटक मागं पडलं की काच वर. मी ब्रेकवर पाय ठेवला की म्हणायचे, थांबू नको, मागनं गाडी येतीया. मागं कुत्रं बी नसायचं. दुसऱ्या दिवशी सकाळपास्नं पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या सकाळी आमचं परतीचं इमान. भाभींना काय तोंड दाखवू म्हणून माझा जीव वरखाली व्हायला लागला.

शेवटी पेट्रोल भरायचं निमित्त करून उतरलो आन् अरिहंतला फोन लावला. म्हणलं, बाबा, ह्यो माणूस काय फाटकातनं आत यायचा न्हाई, तूच ये. तर तो म्हणतो, मी हाटेलात न्हाईच, तुमी येणार असं आईनं सांगितलं म्हणून रजा टाकून खोलीवर बसलोय. म्हंजे आमी दोन दिवस रिकाम्या फाटकाला फेऱ्या मारत व्हतो. वरच्या अंगाला ज्वालामुखीचं जुनं तोंड हाय, तिथं आणा म्हणला, मी जेवण घेऊन येतो.

ज्वालामुखी म्हणल्यावर मला वाटलं धूर-बीर असंल. कसलं काय, झाडीनं भरलेला खोलगट खड्डा, तळाला जरासं पाणी. आमच्या बोरीला कुकडीच्या काठाला पांढऱ्या राखेचा थर हाय. मोठमोठे शास्त्रज्ञ येऊन सांगतात, ही लांबच्या कुठल्याशा बेटावरच्या ज्वालामुखीची. माझी आय त्या राखेनं भांडी घासायची. आमाला घरपोच राख मिळाली, आन् हितं आमी रिकामं भगुणं बघाया आलो. तेवढ्यात ढग पार खाली उतरले आन् अंधारून आलं.

अरिहंत आला. वाळला व्हता, चालणं मात्र डिट्टो बापाचं. हातात स्टीलचा डबा. पाया पडला, सेठनी डोक्यावर हात ठेवल्यासारखा केला. पोरगं खाली बघूनच सांगत ऱ्हायलं, की नवी भांडी घेतली, खोलीवरच केलंय, मुगाची डाळ, कच्च्या केळ्याची भाजी, फुलके, कांदा-लसूण कशात न्हाई.

सेठनी मनगट पुढं केलं. "पावणेसात झाले," म्हणले. "सूर्यास्त झाला."

सूर्य मावळला की सेठ अन्न घेत न्हाईत, पाणी बी न्हाई. तापानं फणफणले तरी कधी मोडलं न्हाई. अरिहंतनं डबा परत पिशवीत घातला. आन् मग माझ्या टकुऱ्यात उजेड पडला. सेठनी घड्याळ फिरवलंच नव्हतं. पावणेसात नारायणगावला झाले व्हते, हितं कुठं सव्वापाच. आपल्याकडं हिवाळा, तर तिथं भर उन्हाळा. अंधार व्हता तो निस्ता ढगाचा.

मला राग आला, खोटं कशाला बोलू. म्हणलं, "सेठ, घड्याळात नारायणगावची वेळ हाय. हितं सूर्य अजून वर हाय. जेवायचं नसंल तर न्हाई म्हणा, पण सूर्याच्या नावावर ढकलू नका." बोलून बसलो आन् मनात म्हणलं, गेली नोकरी.

सेठ गाडीपतुर गेले. तिथनं परत आले. पुन्हा दोन पावलं गेले, वळले आन् कठड्यावर बसले. "उघड," म्हणले.

अरिहंतला डब्याचं झाकण निघंना. मग सेठनीच ते काढलं. सावकाश जेवले, मधी एकदा बी उठले न्हाईत. शेवटी डब्यात पाणी घालून बोटानं फिरवलं आन् ते पाणी पिऊन टाकलं. घरी बी ताट असंच धुवून पितात, कण वाया जाऊ द्यायचा न्हाई म्हणून. अरिहंत तोंड फिरवून रडत व्हता, माझं बी नाक गळायला लागलं.

मी भाभींना फोन लावून सेठच्या हातात दिला.

"प्यारी, जेवलो," ते म्हणले. "अरिहंतच्या हातचं." मग सेठ लई हळू बोलले, "आता तिकडं सूर्य मावळला असंल. उद्या सकाळच्या चहात साखर घाल."

त्या घरचा चहा मी इतकी वर्षं पितोय. अरिहंत गेल्यापास्नं भाभींच्या कपात साखर नसायची, म्हणून आमी समदे धरून चाललो व्हतो की त्यांना शुगर हाय. मी तर दर वेळेला त्यांना कारल्याचा रस घ्या म्हणून सांगायचो.