कोपऱ्यातल्या बटणाचा भोपळा

आमच्या ऑफिसात तिला सगळे मोजणीबाई म्हणायचे, अगदी तोंडावरसुद्धा. आम्ही ब्राउझर बनवतो. लोक त्यातलं कुठलं बटण किती वेळा दाबतात, हे मोजायचं तिचं काम. कोण दाबतं ते कळत नाही, नुसता आकडा येतो, आणि त्या आकड्यावर बटण राहणार की जाणार ते ठरतं. बटणं चितारते मी. माझं एखादं बटण तिच्या आकड्यानं उडालं की मी तिच्याशी धड बोलत नसे, आणि ती मात्र माझ्या टेबलावरची बिस्किटं खुशाल उचलून खायची. लग्नाचं कुठवर आलं विचारलं तर म्हणायची, "दोन नकार, एक विचाराधीन." आकड्याबाहेर तिला बोलताच यायचं नाही.

वरच्या कोपऱ्यात माझं एक लहानसं बटण होतं. दाबलं की उघडी पानं, आधी पाहिलेलं सगळं पुसून ब्राउझर बंद. तिच्या अहवालात त्याच्यापुढं चक्क भोपळा आला. आमचे साहेब, ज्यांना आम्ही पाठीमागे 'आटपा' म्हणतो, म्हणाले, "उगाच जागा अडवून बसलंय. तिथं आधी पाहिलेली पानं दाखवणारं बटण टाका. आटपा." मी भांड भांड भांडले, पण आकड्यापुढं माझी डाळ शिजेना. चाचणी म्हणून नवी रचना काही लोकांच्या ब्राउझरमध्ये सकाळीच पोचलीसुद्धा. ती सगळ्यांना द्यायची का, हे दुपारच्या बैठकीत ठरणार होतं.

बैठकीला निघणार, तेवढ्यात मोजणीबाईचा फोन वाजला. धाकटी बहीण होती. ऐकता ऐकता हिचा चेहरा पांढराफटक पडला. कीबोर्डसाठी हात मोकळे राहावेत म्हणून तिनं फोन स्पीकरवर टाकला, तेव्हा मलाही ऐकू आलं.

"ताई, कोपऱ्यातलं बटण कुठं गेलं गं? मी दाबलं तर सगळी पानंच समोर आली. भाड्याच्या खोल्या, नोकरीचा अर्ज, वकीलबाईंचं पान. तो आज लवकर आलाय. खाली गाडी लावतोय. वर आला की आधी कॉम्प्युटरच बघतो."

"तू अजून ते वापरतेस? तू तर म्हणालीस, आता सगळं ठीक आहे."

"रोज वापरते. काय करू ते सांग ना."

नवरा कॉम्प्युटर तपासतो म्हणून ते बटण तिला शिकवलं होतं हिनंच. पण पुढं बहीण ठीक आहे ठीक आहे म्हणत राहिली, आणि हिनं तिच्यावरही विश्वास ठेवला आणि भोपळ्यावरही.

"वर तीन रेघा आहेत, त्या दाब. खाली 'इतिहास' दिसतोय?"

"नाही... हो, दिसला."

"त्यात 'पुसा' म्हणून आहे."

"विचारतंय, गेल्या तासाचं की सगळं."

"सगळं. सगळं गं बाई."

कुलपात किल्ली फिरल्याचा आवाज आला आणि फोन कट झाला. ही परत लावायला गेली, तसं मी तिचं मनगट धरलं. आत्ता तिकडं फोन वाजला तर ते बहिणीच्याच अंगावर आलं असतं.

मग ती एकदम म्हणाली, "रोज दाबते म्हणाली ना? मग माझ्याकडे शून्य कसं?"

माझ्या कॉम्प्युटरवर जुनीच रचना होती. तिनं त्यावर ते बटण दाबलं, आणि स्वतःच्या पडद्यावर मोजणी बघत बसली. काहीच आलं नाही. तिनं कपाळावर हात मारला. आमची मोजणी दाबलेली बटणं आधी साठवते आणि थोड्या वेळानं एकदम पाठवते. हे बटण ब्राउझरच बंद करतं, आणि साठवलेलंही पुसून टाकतं. निरोप्याच वाटेत मेला, तर निरोप पोचणार कसा?

बैठकीत साहेब म्हणाले, "शून्य तूच दिलंस ना?"

"मीच दिलं. चुकीचं दिलं. हे दाबा."

त्यांनी दाबलं. समोरची सगळी पानं गेली. मोजणीत शून्य. त्यांनी परत उघडून परत दाबलं. शून्यच.

"चाचणी मागं घ्यायला हवी," ती म्हणाली. बहिणीबद्दल तिनं अवाक्षर काढलं नाही.

"आत्ता लगेच?"

"साहेब," मी म्हटलं, "आता तुम्हीच आटपा."

त्यांनी डोळे वटारले. पण सही केली. तेवढ्यात तिच्या फोनवर निरोप आला. 'पुसायच्या आत आला. मी बाहेर पडलेय. तुझ्या ऑफिसच्या फाटकाशी आहे.'

आम्ही जिना कसा उतरलो ते आठवत नाही. बहीण फाटकाला टेकून उभी होती, दोन पायांत दोन वेगळ्या चपला, हातात नुसता फोन. मोजणीबाईनं तिला घट्ट धरलं आणि म्हणाली, "माझ्यामुळं झालं गं."

"तुझ्यामुळं कशाला? त्याच्यामुळं," बहीण म्हणाली.

ती ताईकडेच राहिली. नोकरीचा तो अर्ज तिनं ताईच्या कॉम्प्युटरवरून पुन्हा भरला. इकडं मोजणी दुरुस्त झाली. आता दाबल्याचा नुसता आकडा आधी पोचतो आणि मगच पुसापुशी होते. आकडे यायला लागले तेव्हा बहीण ताईच्या घराची किल्ली न्यायला ऑफिसात आली होती. पडद्यावर आलेखाची रेघ होती. दिवसभर आडवी पडलेली, आणि संध्याकाळी सरळ वर चढलेली. रोज तशीच.

"हे नेमकं संध्याकाळीच का वाढतं, कळत नाही," मोजणीबाई म्हणाली.

बहिणीनं रेघेच्या चढावर बोट ठेवलं. "तो घरी यायची वेळ असते ही, ताई."

साहेब मागे कधी येऊन उभे राहिले होते कोण जाणे. त्यांनी मला हळूच विचारलं, "मग बटण जरा मोठं करायचं का?"

"नको," उत्तर बहिणीनं दिलं. "आहे तिथंच, आहे तेवढंच राहू द्या. न बघता हात जातो तिथं."