पाण्याखालची आमची विहीर

गुलबर्ग्याच्या हॉस्टेलवरून सुट्टीला आले, की मी आणि माझा मोठा भाऊ, अण्णा, विहिरीच्या काठावर बसून शेंगा खायचो. पुढे गाव धरणात गेलं, विहीरही गेली.

आज अण्णाची राख घेऊन त्याच्याच होडीतून निघाले. ‘विहिरीवर सोड’ एवढंच त्यानं सांगितलं होतं. चहूकडे नुसतं पाणी.

“अक्का, टॅब काढा की,” वल्हं मारणारा बसप्पा म्हणाला. “अण्णानं समदं गाव त्यात भरलंय.”

उन्हाळ्यात पाणी उतरलं, की अण्णा एकेक खूण टॅबमधल्या नकाशात टाकायचा. देऊळ होतं, शाळा होती, होडीला लागणारे बाभळीचे खुंट होते. मला त्यात विहीर मात्र सापडेना.

“कामून रडायलाव अक्का? देवळामागं बघा, हितं तुमचंच नाव हाय की!”

विहिरीच्या जागी अण्णानं माझं नाव लिहिलं होतं. होडीचा ठिपका त्या नावावर आला, तेव्हा मी राख सोडली.

दोन वर्षं अण्णा मला हे बुडालेलं गाव दाखवायला बोलवत होता. मी ‘पुढच्या महिन्यात’ म्हणत राहिले.

घरच्यांनो, अण्णाची होडी आणि टॅब बसप्पाला द्या. शर्ट भाच्यांना, दुर्बीण धाकट्या बहिणीला. मला काही ठेवू नका. त्यानं बोलावलं तेव्हा मी आले नाही.