दुसरी रिंग

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. सांगायला बसलो होतो दोनदा — एकदा दारावर कुणीतरी आलं, एकदा फोन वाजला — आणि दोन्ही वेळा सुटल्यासारखं वाटलं. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. आणि दत्तालाही ओळखत नाही.

कर्जतला माझं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. माणसं माझ्याकडे माल घ्यायला येतात, पण त्याहून जास्त माल दाखवायला येतात. विशेषतः ऑइल फिल्टर. इंजिनातलं तेल गाळणारा तो मुठीएवढा पत्र्याचा डबा — बाहेरून सगळे सारखेच दिसतात. परदेशी माल बंदरात उतरतो, खालापूरकडच्या गोदामांत येतो, तिथून पांढऱ्या खोक्यांतून आमच्यापर्यंत. त्यात उत्तम असतो तसा अगदी टाकाऊही असतो. कोणता कुठला हे सांगणारा माणूस म्हणून खोपोलीपासून नेरळपर्यंत माझं नाव घेतात. अजूनही घेतात.

त्यात जादू काही नाही. प्रत्येक खोक्यातला एक फिल्टर वाइसच्या लोखंडी जबड्यात धरून हॅक्सॉच्या करवतीनं कापायचा. आतला कागद उलगडून घड्या मोजायच्या, सांधा ओढून बघायचा, झडपेची स्प्रिंग दाबायची. आणि तोंडाशी खाचेत बसवलेली रबरी रिंग — तिला नखानं दाबायचं. खूण उमटून लगेच भरून आली तर रबर जिवंत आहे. नाही आली तर ती इंजिनाच्या आचेनं आणखी कडक होणार, खाचेतून सरकणार, आणि सगळं तेल रस्त्यावर. ही रिंग बघायला तर फिल्टर कापावाही लागत नाही. दहा सेकंद लागतात.

दहा सेकंद. हे मी मुद्दाम सांगतोय.

दत्ता माझ्याच वयाचा. कोंडाण्याच्या लेण्यांकडे जाणाऱ्या वाटेवर त्याची पत्र्याची शेड होती, तिथे तो एकट्यानं गाड्या दुरुस्त करायचा. त्याची एक सवय होती. जुना फिल्टर काढला की ज्या जागी तो बसतो तिथे फडकं फिरवायचा, आणि मग डोळे मिटून बोटानं ती जागा चाचपायचा, पूर्ण गोल. का, ते सांगतो. जुन्या फिल्टरची रिंग कधी कधी इंजिनालाच चिकटून राहते. ती न काढता नवा फिल्टर बसवला की दोन रिंगा एकावर एक येतात, घसरतात आणि तेल सुटतं. शिकाऊ माणसाची चूक आहे ही. दत्ताकडून ती होणं मला तेव्हाही अशक्य वाटत होतं — हेही मी मुद्दाम सांगतोय.

नऊएक वर्षं झाली असतील. नवा माल आला होता. आधीच्या वेळसारखेच खोके, तोच रंग, तोच छाप. आधीचा मी कापून बघितला होता, चांगला होता. गोदामाचा माणूस समोर उभा, दोन-तीन मेकॅनिक काउंटरला टेकलेले, त्यांत दत्ता. मी एक फिल्टर तळहातावर उडवून झेलला आणि म्हटलं, चालेल.

"फोडून बघ ना रं एक," दत्ता म्हणाला.

"मला हातात घेतला की कळतं."

"हातात घेऊन कळायला ते काय कलिंगड हाय?"

सगळे हसले. मीही हसलो, पण लागलं मला. नंतर एकटा असताना तरी कापून बघावा की नाही? नाही बघितला. कापला असता तर दत्ताचं खरं झालं असतं ना — इतकंच कारण. दत्तानं सहा फिल्टर नेले. जाताना म्हणाला, "तू म्हंतोस तर बराच असंल."

पुढच्याच आठवड्यात अनंता आला. अनंता भाड्याची गाडी चालवायचा, गाडी स्वतःची, आणि तिचं सगळं काम दत्ताकडे. पुण्याचं भाडं घेऊन घाट चढत असताना तिचं तेल सांडलं आणि इंजिन जाम झालं. वळणावर गाडी बंद, आत प्रवासी, मागून ट्रक. माणसं वाचली. खोपोलीच्या गॅरेजवाल्यानं फिल्टर काढून प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिला होता. तेलानं माखलेली ती पिशवी अनंतानं माझ्या काउंटरवर ठेवली. दत्ता त्याच्या मागे उभा होता.

"तुमीच सांगा आता," अनंता म्हणाला. "यानं माती खाल्ली का फिल्टरनं? तुमी सांगाल ते दोघांना मान्य."

दत्तानं मान हलवली. त्यालाही मान्य होतं.

मी पिशवी घेऊन आतल्या खोलीत गेलो. वाइस तिथेच आहे, त्यामुळे कुणाला काही वाटलं नाही. फिल्टर काढला, पुसला. रिंग एका बाजूनं खाचेबाहेर आली होती. नखानं दाबलं. खूण तशीच राहिली. दुसरीकडे दाबलं. तिसरीकडे. मग कपाटामागे ठेवलेल्या त्याच मालातला एक कोरा फिल्टर काढून त्याची रिंग दाबली. तीही तशीच.

बाहेर ते दोघं वाट बघत होते. आता बाहेर जाऊन काय सांगायचं? की मी बघितलंच नव्हतं? की दत्तानं सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही? चार शब्दांचं काम होतं.

टेबलाखाली माझा एक डबा असतो, कापलेल्या फिल्टरांच्या जुन्या रिंगा त्यात टाकतो. मी त्यातली एक काढली. पिशवीतल्या काळ्या तेलात बुडवली. आणि फिल्टरच्या रिंगवर ठेवून अंगठ्यानं दाबली.

तेच. तेच सांगायचं होतं.

तुम्हाला वाटेल घाबरून हातून झालं असेल. पण मी ती रिंग निवडली. पहिली उचललेली फारच रुंद होती, ती परत टाकली. दुसरी थोडीशीच मोठी होती, ताणून बसवली तर चटकन ध्यानात येणार नाही इतकी. कुणी मापलं असतं तर कळलं असतं. पण आमच्या भागात मापणारा कोण? मीच.

बाहेर येऊन फिल्टर काउंटरवर ठेवला. "बघ दत्ता," म्हटलं, "दोन रिंगा."

तो वाकून बघत राहिला. मला वाटलं आता ओरडेल, अंगावर येईल. मी तयारही होतो. तो अगदी हळू म्हणाला, "मी पुसलं व्हतं रं." मग स्वतःच्या बोटांकडे बघितलं. मग अनंताला म्हणाला, "पुसलं नसंल. माझीच चूक हाय. इंजिन मी भरून देतो."

आणि दिलं. पण गोष्ट पसरली. घाटात गाडी बंद पडली, दोन रिंगा निघाल्या — कुणी सांगितलं तर मी. माझ्या तोंडची गोष्ट, मग शंका कोण घेणार? काही गिऱ्हाइकं तुटली, पण त्यानं शेड बंद पडली नसती. शेड बंद पडली दत्ताच्या मनात बसलेल्या भीतीनं. एकेक नट तो चार-चार वेळा तपासायचा. दिलेली गाडी परत मागवून घ्यायचा. एकदा तर मोटारसायकल घेऊन नेरळपर्यंत गिऱ्हाइकाच्या मागे गेला, तेलाचं झाकण लावलं की नाही ते बघायला. लावलेलं होतं.

त्याच्याकडे उरलेले पाच फिल्टर मी दुसऱ्याच दिवशी बदलून द्यायला गेलो.

"कशाला?" त्यानं विचारलं. "फिल्टर तर चांगला व्हता."

नवा माल आलाय, असं काहीतरी बोललो. दुकानातले उरलेले भंगारात घातले. विकलेल्या प्रत्येकाला फोन करून निमित्त काढून बदलून दिले. पुन्हा कुणाची गाडी बंद पडली नाही. हे चांगुलपण म्हणून सांगत नाही. फिल्टर कसा होता ते मला पक्कं ठाऊक होतं, एवढाच त्याचा अर्थ.

तेव्हापासून दत्तानं मला कधी 'रं' म्हटलं नाही. तुमी म्हणतो.

आता तो पळसदरीला एका फार्महाउसवर राखणीला असतो. फाटक उघडतो, गवत कापतो. तिथल्या पंपाचं इंजिन बिघडलं तरी बाहेरून माणूस बोलावतो. मागच्या महिन्यात खालापूरच्या एका ओळखीच्या गृहस्थांना शाळेच्या बसगाड्यांसाठी कायमचा मेकॅनिक हवा होता. मी दत्ताचं नाव सुचवलं. मनात म्हटलं, एवढं तरी होईल. न बोलता होईल. त्यांना माझ्या गाडीत घालून मी स्वतः पळसदरीला घेऊन गेलो.

दत्तानं सगळं ऐकून घेतलं. हातातला विळा खाली ठेवला.

"नाय साहेब," तो म्हणाला. "बसमंदी पोरं असतात. माझा हात इसरतो. एकदा दोन रिंगा ठेवल्या व्हत्या मी, माणसं मरता मरता वाचली. यांना इचारा, यांनी डोळ्यांनी बघितलंय."

ते गृहस्थ माझ्याकडे वळले. "खरं का हो?"

उत्तर द्यायला मला किती वेळ मिळाला असेल? तुम्ही म्हणाल, क्षणभर. नाही. चांगला भरपूर वेळ होता. दत्ता माझ्याकडे बघत होता, आणि त्याच्या डोळ्यांत काही नव्हतं — राग नाही, आशा नाही. मी सांगेन ते त्याला मान्य होतं, त्या दिवशीसारखंच.

"हो," मी म्हटलं. "दोन होत्या."

दोन होत्याच. हेही मला त्याच वेळी सुचलं, की हे खोटं नाही.

निघालो. जागा अरुंद, मागे गटार. दत्ता गाडीच्या मागे जाऊन उभा राहिला आणि हात हलवून मला मागे घेऊ लागला. "येऊ द्या... येऊ द्या... बास." मी आरशात त्याच्या हाताकडे बघत होतो, आणि तो दाखवील तिथे निर्धास्त गाडी नेत होतो.

बसगाड्यांना दुसरा माणूस मिळाला. काल नेरळचा एक मेकॅनिक नवे फिल्टर घेऊन आला होता, हे घेऊ का, विचारायला. मी एक कापला, रिंग नखानं दाबली, आणि सांगितलं, घे. त्यानं माझ्या शब्दावर खोका उचलला.