उजवा हात घोडीचा

वाशिमला कॉलेजला जाताना नाल्याकाठच्या पडीत जमिनीवर एक टांगेवाले काका रोज दिसत. उकिडवे बसून ते गाजरगवत उपटत, पण फक्त डाव्या हाताने. उजवा हात पाठीमागे धरलेला असे.

"दोनी हातानं काहून नाही उपटत, काका?" मी एकदा भीतभीत विचारलं.

"हा हात घोडीचा हाय. याले त्या कडूचा वास लागला का घोडी लगाम घेत नाही. कॉलेजात हे नाही शिकवत काय तुले?"

हे गवत आमच्याकडे नवीनच आलं होतं. घोडी त्याला तोंड लावत नसे, आणि ते फुलून बी पडलं की चांगला चारा दबून जाई. तिच्या चराईला दुसरी जागा नव्हती. मोकळ्या झालेल्या मातीवर काका जुनी लीद पसरत आणि उठताना "चाल बापा" असं स्वतःलाच म्हणत.

भादव्यात एका सकाळी त्यांचा डावा हात सुजून मिटेनासा झाला होता. गवतावर पांढऱ्या कळ्या आल्या होत्या. काकांनी डाव्या हाताची बोटं वळवून पाहिली. मग त्यांनी उजवा हात घातला.

संध्याकाळी परतलो तेव्हा जमीन साफ होती, आणि घोडी त्यांच्या हातापासून तोंड फिरवत होती. त्यांनी लगाम माझ्याकडे दिला.

"तू घाल बाबू. तुया हाताले कायचाच वास नाही."

घोडीने माझ्या हातून लगाम मुकाट घेतला. दोन वर्षं मी त्या वाटेने जात होतो. गवत उपटायला एकदाही वाकलो नव्हतो.