खिडकीतून दिलेलं लेकरू

माझी मुलगी पाचव्या महिन्यात न्यूमोनियाने गेली, तेव्हा तिचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. तो राहिला तो माझ्यामुळे. आमच्या पूर्ण्याला पाळकसाहेब महिन्यातून एका रविवारी उपासनेला येतात. त्यांनी दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा मीच थांबवलं. मला तो नाताळात हवा होता. माहेरची सगळी माणसं यावीत, मी भरतकाम केलेला पांढरा फ्रॉक तिने घालावा, फोटो निघावेत, अशी माझी हौस. नावही त्याच दिवशी सांगायचं ठरलेलं, म्हणून तोवर आम्ही तिला ठमी म्हणायचो. होतीच तशी, गुबगुबीत आणि हट्टी. बापाची मिशी एकदा मुठीत आली की सोडायची नाही, आणि तेही मुकाट्याने ओढून घ्यायचे.

मातीच्या दिवशी नात्यातल्या एक म्हाताऱ्या बाई हळहळल्या, “बाप्तिस्म्याबिगरच गेलं की वो लेकरू.” त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, पण ते वाक्य माझ्या घरात राहायलाच आलं. भाकरी थापताना, कपडे वाळत घालताना एकच विचार. ठमी प्रभूजवळ आहे, की माझ्या हौसेपायी बाहेरच राहिली? मला प्रार्थनाही करवेना. केलीच तर एवढंच म्हणायचे, तिला आत घे.

शेवटी पाळकसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, “बाई, पवित्र शास्त्रात हे एका ओळीत लिहून ठेवलेलं नाही. तुम्हाला खोटं कशाला सांगू?” मग त्यांनी दावीद राजाची गोष्ट काढली. त्याचं तान्हं सातव्या दिवशी गेलं, आणि देवाच्या लोकांत घेतल्याची खूण, ती सुंता, तर आठव्या दिवशी व्हायची. तरी राजा उठला, अंघोळ करून देवाच्या घरी गेला, जेवला. ते परत येणार नाही, मीच त्याच्याकडे जाईन, असं म्हणाला. प्रभूने ज्या बाळकांना कवेत घेतलं, त्यांनाही कोणीतरी नुसतं त्याच्याकडे आणलंच होतं, असंही पाळकसाहेब म्हणाले. मला सगळं पटलं. पण पटणं वेगळं आणि झोप लागणं वेगळं.

पुढच्या महिन्यात मी माहेरी जिंतूरला निघाले. परभणीच्या स्टँडवर बसला ही गर्दी. आमच्याकडे अशा वेळी बाई आधी लेकरू खिडकीतून आत देते आणि मग स्वतः दाराकडे धावते. मी खिडकीशी बसले होते. खालून एका बाईने सहा-सात महिन्यांची मुलगी वर उचलली. “अक्का, धरा बरं हिला. मी आलेच.” खरं सांगते, मला ती घ्यायची नव्हती. पण हात आपोआप पुढे झाले. मांडीवर ते वजन आलं आणि मला हुंदका आवरेना. पोरगी मात्र मजेत माझ्या मंगळसूत्राचे मणी चघळायला लागली.

बस सुटली. तिची आई मागच्या बाजूला माणसांत अडकलेली. झरीपर्यंत तिला पुढे येता आलं नाही, आणि तिने एकदाही हाक मारली नाही. झरीला माणसं उतरली तशी ती आली, लेकरू घेतलं, हसली. मी जरा रागानेच विचारलं, “अगं, ओळख ना पाळख. तुला भीती नाही वाटली?”

“भ्या कशाचं, अक्का? तुमी हात फुडं केले, मी बघितलं की. मग मी बिनघोर.”

मी तोंड खिडकीकडे वळवलं आणि जिंतूर येईपर्यंत रडत राहिले. ते रडणं आधीसारखं नव्हतं. त्या बाईने आपलं लेकरू एका अनोळखी बाईच्या हातात दिलं होतं. माझी ठमी ज्याच्या हातात गेली, त्याला तर मी लहानपणापासून ओळखत होते. तरीही तो तिला दारातच उभी करील, असं मी महिनोन्‌महिने धरून बसले होते. बाप्तिस्मा लांबवला ही माझी चूकच. त्या चुकीची शिक्षा तो लेकराला देईल, हे मात्र माझं मीच ठरवलं होतं.

त्या बाईचं नाव मी विचारलं नाही. तिला माझ्याकडे कोणी पाठवलं, यावर मी कोणाशी वाद घालत नाही. त्या दिवशी माहेरी जेवायच्या आधी आईने मला प्रार्थना करायला सांगितलं. तिला आत घे, असं मी म्हटलं नाही. म्हटलं, प्रभू, घेतलंस तिला, तुझे उपकार.